गवसणी

हौसाक्का न्हाणीत घसरली
त्या दिवसापासून मी भिंत सोडली नाही.
पलंग ते कपाट, कपाट ते उंबरा,
उंबऱ्याशी थांबून एका पायाला विचारायचं,
मग दुसऱ्याला.
भिंतीवर माझ्या हाताच्या उंचीला
एक मळकट पट्टा उमटला.
तेजल म्हणाली, आई, रंग देऊन घ्यायचा का?
म्हटलं, राहू दे, माझा रस्ता आहे तो.

दर्ग्यामागच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला,
हाडं पोकळ होत चाललीत, म्हणाल्या.
मला हसूच आलं.
चाळीस वर्षं मी पोकळ वस्तूंचीच चाकरी केली.
सतारमेकर गल्लीत, दस्तगीरभाईंच्या माळ्यावर
तंबोऱ्यांच्या गवसण्या शिवल्या.
भोपळा पोकळ असतो म्हणून गातो.
माझा खुबा काय गाणार?

सुनेनं मोबाइलवरून मागवलेली ती चड्डी
खोक्यातून निघाली तेव्हा नातू लाजून बाहेर गेला.
दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या वाट्या.
पडलं तरी हाड वाचतं, तिनं वाचून दाखवलं.
किंमत सांगितली नाही. ती मी खोक्यावर बघितली.
दोन दिवस घातली.
उकडतं. बसलं की वाट्या वर सरकतात,
आणि रात्री घाईची लागली तर
ती उतरवण्याच्या धडपडीतच माणूस पडायचं.
शिवणाऱ्याला म्हातारी बाई माहीत नव्हती,
एवढं कळलं.

तिसऱ्या दिवशी उसवायला घेतली.

मशीनला तेल घातलं.
जुना मऊ परकर, आत मांजरपाटाचे दोन कप्पे,
हाड जिथं बाहेर येतं तिथं नेमके.
आरशापुढं चाचपून खडूनं खूण केली,
दस्तगीरभाई भोपळ्यावर करायचे तशी.
कप्प्यात स्पंज, स्पंजावर पिंजलेला कापूस,
वर उभे-आडवे टाके, गवसणीच्या तळाला घालतात तसे.
कारण भोपळा हात लागून फुटत नाही.
फुटतो तो
गाडी जंक्शनात धक्का देऊन थांबते तेव्हा.

वरून पातळ नेसले.
कंबर जरा रुंद दिसली,
चाळिशीत दिसायची तशी.

पहिल्या दिवशी भिंत सोडून उंबरा.
मग पायरी. पायरीवरच चार दिवस गेले.
मग लक्ष्मी मार्केट,
मेथीची जुडी, पाव किलो गवार.
गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला, मी हलले.
हलले, आणि उभीच राहिले.
भाजीवाल्याला सांगून टाकावंसं वाटलं,
पण तो सुट्टे पैसे शोधत होता.

परतताना गल्लीतून आले.
दस्तगीरभाई दुकानाच्या फळीवर बसून असतात आता,
नमाजाला मुलगा धरून नेतो.
त्यांना परकराचं सांगितलं, आडून आडून.
तार पुसत पुसत म्हणाले,
बाई, वाद्य पडू नये म्हणून का असते गवसणी?
ते घराबाहेर पडावं म्हणून असते.
मग आवाज खाली करून,
पायजम्यात बसेल का तसलं काही?
माप मुलाच्या हाती पाठवा, म्हटलं.

अजून पडले नाही.
म्हणजे माझा कापूस कामाचा की नाही
ते मला ठाऊक नाही.
भिंतीवरचा पट्टाही आहे तसाच,
रात्री लाइट गेली की लागतो.

हौसाक्काच्या खुब्यात सळई घातलीय.
वॉकर पलंगाशी उभा, ती उतरत नाही.
उद्या जाणार आहे तिच्याकडं, रिक्षा न करता.
पिशवीत तिच्या मापाचा परकर,
घडी जाड झालीय, मावत नाही धड.
नाडी लाल घातलीय.
तिला लालच लागते.