सुताचा दोरा

जमिनीवर कुठलंही इंजिन खोटं बोलतं.
शेडमध्ये ट्रॉलीवर, पाइपनं पाणी सोडून,
हेच आठ सिलिंडर किती शहाण्यासारखे गुरगुरायचे.
पंख्याला नदी लागली की मग खरं बाहेर येतं.

बोट आदगोंडा मगदुमांची.
द्राक्षाच्या दोन हंगामांचे पैसे
आणि बायकोचा सात महिन्यांचा अबोला
तिच्या लाल रंगाखाली आहे.
“दस्तगीर, हरिपूरच्या संगमावरनं अंकलीच्या पुलापर्यंत
कपातला चहा गार व्हायच्या आत.”
मोजमाप म्हणून एवढंच सांगितलं त्यांनी.

इंजिनावर ब्लोअर, ब्लोअरच्या डोक्यावर दोन कार्बोरेटर.
वर बसलेल्यांना फक्त ओढ जाणवते.
खाली सहा पौंडांचा दाब चढलाय
याचा त्यांना पत्ताच नसतो,
आणि नेमकं तेव्हाच ते पेट्रोलला हात आखडतात.
पिस्टन असे वितळतात. आवाजही फारसा होत नाही.
म्हणून खालच्या मॅनिफोल्डपासून
एक बारीक नळी मी वर पॉवर व्हॉल्व्हला नेली,
खालची बातमी वर पोचावी म्हणून.
आमच्या घरात अशी नळी कुणी बसवली नाही.

ऐंशीचे जेट घातले. प्लग पांढरेफटक.
चौऱ्याऐंशीचे घातले, टायमिंग सहा अंश मागं घेतलं,
मग पुन्हा प्लग काढून उन्हात धरले:
भाजल्या शेंगेच्या टरफलाचा रंग. बास.
फुल थ्रॉटलला बोट पाण्यातून अशी उठायची
की वारणा कुठं संपली नि कृष्णा कुठं लागली
हे फक्त पाठीच्या कण्याला कळायचं.

पण आयडलला हुंदके.
घाटाला लावताना सुई नऊशेवर ठरेना.
बाराशे, सातशे, परत बाराशे,
झोपेत रडणाऱ्या पोरासारखं, कारण न सांगता.
चार दिवस स्क्रू फिरवले.
अर्धा आटा आत, पाव आटा बाहेर.
मगदूम पायरीवर भडंग खात बसलेले,
माझ्याकडं न बघता.

पाचव्या दिवशी अब्बा आले. मिरजेहून, बसनं,
कुणी बोलावलं नसताना.
एकोणीस वर्षांपूर्वी भोपळा नि पटाशी टाकून
मी गॅरेजात शिरलो,
तेव्हापासून माझं एकही इंजिन त्यांनी ऐकलं नव्हतं.
आता ऐकायचं म्हटलं तर उजवा कान गेलेला.
त्यांनी बोटीच्या काठावर तळहात ठेवला.
“चालू कर.”
डोळे मिटले.
“वारा चोरतंय कुठंतरी.”

मी म्हटलं, अब्बा, हा तंबोरा नाही.

खिशातनं सुताचं रीळ निघालं,
जवारी लावायचं, घोडीवर तारेखाली सरकवायचं ते.
वीतभर तोडलं, दोन बोटांत धरलं,
आणि पट्टा फिरतोय, हात सांभाळा, असं मी ओरडत असताना
कार्बोरेटरच्या बुडाशी, कडेकडेनं,
तार शोधावी तसा तो दोरा फिरवत गेले.
पहिल्याभोवती काही नाही.
दुसऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात
सरळ लोंबणारा दोरा वाकला
आणि बोटभर आत गेला.

गॅस्केटला केसाएवढी चीर होती.
माझ्या हातानंच आवळताना पडलेली असणार.

संध्याकाळी नवी बसवली. सुई नऊशेवर
येऊन बसली ती हललीच नाही.
मगदुमांनी चहा मागवला, कप घड्याळासारखा हातात धरला,
“चला!” म्हणाले.
अब्बा बोटीत बसले नाहीत.
पाण्याची भीती वाटते म्हणाले, आणि दोरा मागितला.
पेट्रोलनं भिजलेला. नाकाशी नेला,
परत रिळावर गुंडाळू लागले.

“पुढच्या तंबोऱ्याला वास येईल, अब्बा.”

“येऊ दे.”