चौथा हात

गुरुवारी रात्री व्हर्नेलच्या तळघरात
आम्ही चौघं पत्ते कुटतो. गॅरी शहर,
पोलाद कारखान्याचा भोंगा थांबला तेव्हापासून.

मार्चमध्ये तीन गुरुवार मी गेलो नाही.
पडदे ओढलेले. फोन उशीखाली गुरगुरून गप्प.
दवाखान्यातल्या कागदावर प्रश्न होते:
झोप लागते का, भूक लागते का.
मी सगळीकडे ‘कधीकधी’वर खूण केली.
त्या गोऱ्या पोरीला घाबरवायचं कशाला.

चौथ्या गुरुवारी दारावर थाप.
क्लीओथा, हातात पालेभाजीचं पातेलं,
मागे व्हर्नेल, बगलेत घडीचं टेबल,
आणि लूशस, गुडघ्याला शिव्या घालत
तीन जिने चढून आलेला.

काय झालं, कुणी विचारलं नाही.
क्लीओथानं पडदा सारला, म्हणाली,
“तिघांत डाव होत नाही,
तरी चार वाटे पाडतो आम्ही.
तुझी पानं पालथी पडून राहतात
रिकाम्या खुर्चीसमोर.”

मी पानं उचलली. भिकार होती.
भलताच हुकूम बोललो
आणि लूशस ओरडला, “थॅडियस, गाढवा!”

किती दिवसांनी कुणी
माझं नाव घेतलं होतं.