दोन खुकऱ्या

मे महिना. दुपारचे तीन.
कूलरच्या ताट्यांवर पाणी मारून गॅरेजात बसलो होतो
तर टेकबीर घर्ती आला, काखेत गमछ्याची गुंडाळी.
"पाहून द्या ना जी," म्हणाला,
"दोन्हीला धार लावाची हाय. उद्या गोरखपूरची गाडी."

एकतीस वर्षं अंबाझरीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये.
लोखंड मी डोळ्यांनी नाही, नखाने वाचतो.

नवी आधी उघडली.
त्रिमूर्तीनगरच्या सोसायटीने निरोपाला दिलेली,
शाल, नारळ आणि ही. मखमली डबी,
मुठीच्या टोकाला पितळी सिंह,
पातं असं चकचकीत की माझी न केलेली दाढी त्यात दिसली.
नख मारलं. थप्प.
ओल्या भिंतीला काही विचारावं तसं.
बोटावर तोलली तर सिंहाच्या बाजूला कलंडली.
वार करायला निघालेली वस्तू
आणि सगळा जीव शेपटात.

दुसरी त्याची. अठराव्या वर्षी बागलुंगहून आणलेली.
काळी पडलेली. म्हशीच्या शिंगाची मूठ, मधोमध कडं,
शिंगाला उभी चीर, चिरेत लाख.
अंगठा बसतो तिथे खळगा;
माझा अंगठा त्यात मावला नाही.
नख मारलं आणि आवाज
टोकापर्यंत गेला, वळला,
मुठीत येऊन निवला.

मग कानस घेतली.
नव्या पात्यावर ती कुठेही चावते,
पाठीवर, पोटावर, धारेवर, खडूवर चालल्यासारखी.
जुनीच्या पाठीवर चावली,
धारेवर मात्र सटकली,
शेवाळलेल्या फरशीवरून पाय जावा तशी.
"किटलीनं पाणी," टेकबीर म्हणाला.
"लाल असते तेव्हा चहाच्या किटलीनं ओततात.
फक्त धारेवर. पाठीवर थेंब नाही."
मी कानस खाली ठेवली.
आमच्याकडे ह्याच कामाला तेलाच्या टाक्या होत्या,
तापमानाचे काटे, तीन पाळ्या
आणि मोठ्या साहेबाची सही.

अंगणात जुन्या मांडवाचा बांबू पडला होता.
जुनीने तो तोडला असं म्हणता येणार नाही;
हात सैल सोडला, बाकाने पुढे ओढलं,
मनगट नुसतं सोबतीला गेलं.
नवीच्या वेळी मनगटच राबलं,
वर सिंहाचा कान तळव्यात रुतला.

बनवली कोणी?
"कामी होता गावचा. दलबीर.
ट्रकच्या कमानपाट्यातून ठोकली.
बापानं पैसे उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यानं उचलले.
घरात नाही यायचा तो."
थोडं थांबून: "येऊ देत नव्हतो."

कूलर गुरगुरत राहिला.
भिवापूरला माझ्या आजोबाची विहीर वेगळी होती.
हे मी त्याला सांगितलं नाही.
माठातून पाणी काढलं, माझ्याच पेल्यात दिलं.
तो गटागट प्यायला.

मग नव्या पात्यावरची अक्षरं वाचली:
"श्री. बहादूर यांस, सस्नेह."
बहादूर कोण?
"मीच जी. सारे तेच म्हणतात.
माझ्या आधीचाही बहादूरच होता."
बेचाळीस वर्षं रात्रभर शिटी, काठी,
प्रत्येक फाटकाची कडी हाताने चाचपलेली.

हिची धार टिकणार नाही, मी म्हणालो.
"राहू द्या. भिंतीवर लावीन."
तरी छिन्नी काढली,
पातं पालथं घातलं आणि लिहिलं: टेकबीर घर्ती.
दोन ठोक्यांत एकेक अक्षर. इतकं मऊ पोलाद,
एवढ्यापुरतं कामी आलं.

जुनीला मशीन लावलं नाही. दगडावर, पाण्याने, पाऊण तास.
मुळाशी खाचेजवळ तीन टिंबं आहेत, दलबीरची असावीत.
तिथवर दगड जाऊ दिला नाही.

चाळीस रुपये झाले.
त्याने खिशातून नोटा काढल्या, स्टुलावर ठेवायला वाकला.
मी हात पुढे केला.
क्षणभर तो बघत राहिला,
मग हातावर ठेवल्या.