मानस

डिचोलीच्या बाजारामागे, पहिल्या मजल्यावर
सकाळी साडेसातला मी लॅबचं शटर उचलते.
लोक जिन्यात उभे असतात,
बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, दागिना आणावा तशा.
एखादा जामच्या बरणीत आणतो, हेही ठरलेलं.

पट्टी बुडवायची. मिनिटभर थांबायचं.
केशरी म्हणजे आम्ल. हिरवी, मग निळी, म्हणजे अल्कली.
लहानपणी हळदीच्या बोटाला चुना लागला
की बोट लाल व्हायचं. तीच ही विद्या,
आता तिच्या डबीवर एक्स्पायरी छापलेली असते.

कायतान येतो. फेरीबोटीच्या इंजिनापाशी जन्म गेला,
आणि निवृत्तीच्या वर्षी पोटात खडा सापडला.
"परत केशरीच? बाय, मी आंबट सोडलंय.
सोलकढी नाही, लिंबू नाही, विनेगर तर नाहीच.
पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं,
आंबट खाल्लं की रक्त आंबतं."
मग जेवतोस काय?
"चोरीस-पाव. सुकी सुंगटं. आयतवारी डुकराचं मटण."

चोरिसातच विनेगर असतं.
हे तो विसरलाय, मीही आठवण देत नाही.

त्याला इतकंच म्हणते,
जिभेचा न्याय निराळा, आतला निराळा.
लिंबू तोंडात आंबट, आत जळून गेल्यावर मागे अल्कली.
मटण तोंडाला गोड, मागे आम्ल.
आणि या पट्टीवर दिसतं ते रक्त नव्हे रे,
ते दाराबाहेर टाकलेलं पाणी.
रक्त सात पूर्णांक चारपाशी बसून असतं,
तू लिंबू पी की चोरीस खा.
डॉक्टरांनी दिलेलं औषध घे. पाणी पी. लिंबू पिळून पी.

"मग ते बसून राहतं कसं?"
इंजिनवाल्याचा प्रश्न.

आमच्या चोडणला खाजनाच्या बांधात लाकडी दार असतं.
त्याला मानस म्हणतात.
त्याला कडी नाही, राखणदार नाही.
भरतीचं पाणीच ढकलून ते लावून घेतं,
ओहोटीला आतलं पाणी आपल्या वजनानं उघडून निघून जातं.
अलीकडे कोरगुट भात, पलीकडे खारी खाडी,
मध्ये चार फळ्या.
तुझ्या कमरेत तशा दोन मानशी आहेत, कायतान.
छातीत आणखी एक, श्वासागणिक उघडणारी.
तू झोपलास तरी त्या जाग्या.

हे सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हते.

माझ्या भावानं, शाबानं, तीन वर्षं
मानशीच्या मासळीची पावणी घेतली होती.
अमावास्येच्या ओहोटीला जाळं लावून
पहाटे चिखलानं माखून घरी यायचा, हसत.
त्याच्या आतल्या फळ्या कधी कुजल्या
ते कुणाला कळलं नाही. पाय सुजले तेव्हा कळलं.
आता मंगळवार, शुक्रवार म्हापशाच्या इस्पितळात
यंत्र त्याची ओहोटी करतं.
मधल्या दिवसांत आम्ल चढत जातं.
एकदा कागदावर सात पूर्णांक दोन आलं.
तो आकडा वाचायला शिकल्याचा मला त्या दिवशी राग आला.
सोड्याच्या गोळ्या तो मोजून घेतो.
केळं नाही, टोमॅटो नाही,
शहाळं तर नाहीच. त्यातलं पोटॅशियम
दुसऱ्याला अमृत, याच्या काळजाला धोंडा.

महिन्यानं कायतानची पट्टी हिरवी झाली.
खुशीत त्यानं काउंटरवर शहाळं ठेवलं,
"तुझ्या घरच्यांना. अल्कली, बाय, अल्कली!"
मी नको म्हणू शकले नाही.

संध्याकाळच्या फेरीतून ते मांडीवर घेऊन आले.
शाबा ओट्यावर बसला होता.
त्यानं ते हातात घेतलं,
कानाशी धरून हलवलं,
आणि आत पाणी किती आहे
ते अचूक सांगितलं.