सात किलो

ग्लेनिस प्रॉबर्ट म्हणते, मदत करू नका.

हनुवटीखाली एक पट्टा, डोक्यामागे दुसरा,
आतून मऊ, पुन्हापुन्हा धुतल्याचा वास असलेला.
दोरी एका कप्पीवरून जाते
आणि पलीकडे ते यंत्र, टोस्टरएवढं,
हिरव्या आकड्यात लिहिलेलं: सात.
सात किलो म्हणजे
तांदळाच्या दहाच्या पिशवीतले तीन संपले
की उरतात तेवढे.
वीस सेकंद ओढ, दहा सेकंद विसावा,
हातात एक बटण, नको झालं तर दाबायला.

"मदत करू नका, सरायू."
शरयू म्हणायला तिला जमत नाही.
ती मानेखाली दोन बोटं घालते, थांबते.
"इथे. इथे तुम्हीच ओढताय.
यंत्राचं काम यंत्राला करू द्या."

एकतीस वर्षं मी मान मोडून काम केलं.
आपल्यात असंच म्हणतात
आणि कुणीच ते शब्दशः घेत नाही.
काचेच्या पट्ट्या, जांभळ्या रंगात बुडवलेल्या पेशी,
सूक्ष्मदर्शकाच्या दोन नळ्यांवर टेकलेले दोन डोळे.
स्वॉन्झीतली कितीतरी माणसं मी आतून पाहिली आहेत,
चेहऱ्याने एकही ओळखत नाही.
कुणाला काय झालंय ते डॉक्टर सांगायचे.
मी वर न बघता
पुढची काच घ्यायचे.

ओढणं म्हणजे आवळणं, एवढंच ठाऊक होतं.
मालवणला वडील खाटेची नवार ओढायला बसत
एक पाय लाकडावर रोवून,
दुसरं टोक माझ्या हातात.
झोळ गेला की पट्टीवर टिचकी मारून बघत,
टण्ण वाजलं की म्हणत, हां, आता झोपा.
इथे सगळं उलटं.
इथे ओढतात ते सैल व्हावं म्हणून,
आणि माझं शरीर
अजून टिचकीची वाट बघतंय.

चौथ्या खेपेला खिडकी उघडी होती.
ओहोटी लागलेली.
इथला समुद्र निघून जातो तो जातोच,
मैलभर चिखल मागे ठेवून.
होड्या एकेक करून कुशीवर होतात,
कुणीही हिसका न देता.
मी एका निळ्या होडीकडे बघत होते,
तिचा नांगराचा दोर हळूहळू ढिला पडत होता,
आणि कितव्या विसाव्याला कोण जाणे
मी मदत करायची विसरले.

ओल्या पाटावरून पाट सुटावा
तसं काहीतरी मानेत सुटलं.
पाचव्या न् सहाव्या मणक्यात
असेल केसभर जागा.
दुखलं नाही. तरी डोळ्यांतलं पाणी
आडवं वाहत कानात गेलं, दोन्हीकडे, गार.
ग्लेनिसने काही विचारलं नाही.
टिश्यूचा खोका माझ्या पोटावर ठेवला
आणि पाठमोरी होऊन वहीत काही लिहीत राहिली,
जरा जास्तच वेळ.

"झीज आहे ती आहेच," पट्टे सोडताना म्हणाली,
"ती काही भरून येणार नाही.
पण दिवस थोडे हलके जातील."
मला ते आवडलं. इतकं मोजून
खरं बोललेलं.

बाहेर थांब्यावर यदुनाथ, हातावर माझा कोट.
दोन वर्षं तो माझ्या डावीकडे बसतो,
उजवीकडे माझी मान वळत नाही म्हणून.
बसमध्ये, जेवताना, लोकांच्या लग्नांत.
ठरवून नाही,
पाणी उताराला लागतं तसं.
आजही उठून, मला वळसा घालून
डावीकडे यायला निघाला.

म्हटलं, बस तिथेच.

मान वळवली. सावकाश, दारामागे कुणी झोपलंय असं दार उघडावं तशी.
कानाखालचा तीळ. दाढीत राहून गेलेली
चार पांढरी खुंटं.
ही बाजू केव्हा एवढी म्हातारी झाली?
मी काहीतरी बोलले.
पण हा त्याचा डावा कान,
ह्याने त्याला ऐकू येत नाही.

"काय?" तो म्हणाला.
"बस आली," मी म्हणाले.

आली नव्हती.