गाळणं

समडोळीच्या घरी आजही घागरीवर दुहेरी कापड.
सासूबाईंनी हात धरून शिकवलं होतं:
गाळून झालं की कापड उलटं करायचं,
वरून गाळलेलंच पाणी सोडायचं,
आणि डोळ्यांना जे दिसतही नाही
ते ज्या आडातनं आलं, तिथं परत पोचवायचं.
हळू. बादली आपटायची नाही.
बत्तीस वर्षं मी बादली आपटलेली नाही.

मग तोंडात फोड आले.
आधी वाटलं, आमटीतली मिरची.
मग पाठीवर, काखेत, मांडीवर.
फुटले की कातडी बोटाबरोबर सरकायची
भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी.
लुगडं चिकटायचं, चादर चिकटायची.
यांनी परसातली केळीची पानं कापून आणली.
त्यांवर मी झोपले,
जेवायला वाढल्यासारखी.

मिरजेच्या डॉक्टर नाझनीन म्हणाल्या,
बाहेरचं काही नाही, मावशी.
कातडीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात.
त्यांच्यातला तो डिंक
तुमच्याच रक्तातल्या राखणदारांना परका वाटतोय.
म्हटलं, घरचं ओळखत नाहीत?
विसरलेत.
आमच्याकडं बांधावरनं दोन भाऊ असेच विसरलेवते.
अजून विसरलेलेच आहेत.

बाटली एवढीशी.
किंमत वाचून यांनी कागदाची घडी घातली,
मग घडीची घडी.
"यानं होतं काय?"
"त्या पेशींवर एक खूण असते. औषध ती शोधतं, धरतं…"
"आणि मारतं."
डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
"काहींना मारतं. काहींना दुसऱ्यांकडनं मारवतं.
काही मात्र निरोप मिळाला की स्वतःच आवरायला घेतात.
आतलं सगळं बारीक करतात,
लहान लहान गाठोडी बांधतात,
शेजारणीला चटका बसू देत नाहीत.
मिटतात."

दुधगावच्या आत्याबाई आठवल्या.
आधी भात सोडला, मग दूध, मग ताक,
शेवटी पाणी.
कुणाला ओरडल्या नाहीत, कुणाला धरलं नाही.
गाव दर्शनाला लोटलं होतं.
पण आत्याबाईंनी स्वतः ठरवलेलं.
यांना कुणी विचारलं?

"आणि ज्या चुकल्याच नाहीत, त्या?"
त्या खोटं बोलल्या नाहीत.
"खूण सगळ्यांवरच असते, मावशी."

म्हणजे हे गाळणं नव्हेच.
ही अख्खी घागर ओतणं.

सकाळी नऊला सुई.
थेंब. थेंब.
अर्ध्या अर्ध्या तासाला सिस्टर दंडाला पट्टा आवळते.
थंडी भरली तसे थेंब थांबवले,
मग पुन्हा, आणखी हळू.
दिवस बुडायच्या आत म्हणून त्रिशलानं डबा उघडला:
मुगाच्या डाळीचं पाणी, गार केलेलं.
स्टेशनकडनं एक इंजिन नुसतंच ओरडत होतं.

हात जोडायला गेले तर नळी ताणली,
रक्त उलटं चढलं.
तेव्हा नुसतंच पुटपुटले: उत्तम क्षमा.
चुकलेल्यांना.
न चुकलेल्यांना जास्त.
भादवा यायला अजून दोन महिने होते.

पंधरा दिवसांनी दुसरी बाटली.
पुढं रिपोर्टच्या त्या रकान्यात शून्य.
सगळ्यांना आनंद झाला, मलाही.
इतकं नितळ पाणी मी कधी गाळलं नव्हतं.

आता भाकरी खाता येते. पाठीवर नवी कातडी,
जुन्यापेक्षा काळी, पण घट्ट.
दारात कुणी खोकलं की त्रिशला कडी लावते;
आत राखणीला माणूस कमी.
हाडांच्या मगजात म्हणे मूळ पेशी असतात,
त्यांच्यावर खूण नसते, औषध त्यांना शिवत नाही.
सहा-आठ महिन्यांनी त्यांच्या पोटच्या नव्या येतील.
"त्या शहाण्या निघतील?"
"बहुतेक," डॉक्टर म्हणाल्या. "बघत राहू."

आज पहिल्यांदा आडावर गेले.
कापड उलटं केलं, वरून पाणी सोडलं.
स्टेरॉइडनं हात अजून थरथरतो.
बादली काठाला लागली, मोठ्यानं.

वाकून आत बघितलं.
बराच वेळ
पाणी हलत होतं.