उणे वीस

बाहेर शेहेचाळीस. अल ऐनच्या रस्त्यावर
चप्पल डांबराला चिकटते, सुटताना च्यक् करते.
आत मी दोन स्वेटर घालून
उणे वीसच्या पेटीत हात खुपसून बसलेली,
उंदराच्या पिल्लाचा लहान मेंदू कापत.
वाटाण्याहून लहान.
एक काप केसाच्या चौथाई जाडीचा,
ब्रशनं उलगडायचा, श्वास रोखून.
जोरात बोललं तरी गुंडाळून बसतो.

काचेवर उतरला की दिसतो
उभ्या चिरलेल्या फ्लॉवरसारखा:
देठ, फांद्या, कडेला दाट झालर.
डॉक्टर इन्तिसार म्हणतात, "दिवस सहावा. आज मोज."
मी तारापेशी मोजते.
हिरवा ठिपका जिच्यात, ती दोन व्हायला निघालेली.
लाल धागे दिसले, की तिला हात फुटलेत.

आमच्या रावेरकडे केळीला पिलं फुटतात
आईच्या बुंध्याला लगटून, लांब जात नाहीत.
ह्याही तशाच. एकीच्या दोन, दोनाच्या चार,
जन्मल्या जागेच्या आसपास, घाईघाईत,
जणू कुणी सांगितलंय,
जागा आज आहे, उद्याचं माहीत नाही.
अण्णा विळा घेऊन बागेत फिरायचे.
एक पील ठेवायचे, बाकीची उडवायचे.
इथे "पुरे" कोण म्हणतं,
मी विचारलं होतं डॉक्टरांना.
त्या चष्मा पुसत राहिल्या.

चौदाव्या दिवसाच्या कापात हिरवं जवळजवळ संपलेलं.
काही पेशींनी वरपर्यंत धागे ताणलेत;
त्यांना धरून दाणेपेशी
पृष्ठभागावरून आत उतरल्या, विहिरीत उतरावं तशा.
काही दाण्यांच्या गर्दीत पदर पसरून बसल्यात.
काही पांढऱ्या देठात, सडपातळ, लांब हातांच्या.
एका आईच्या लेकी,
जिथे थांबल्या तशा झाल्या.
मोठं होणं म्हणजे थांबणं,
असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं.
त्या रकान्यात फक्त आकडे लिहायचे असतात.

पहिल्यांदा चारशे बारा. पुन्हा मोजलं तर चारशे नऊ.
चौकटीच्या डाव्या रेषेवरची धरायची,
उजव्या रेषेवरची सोडायची, असा नियम.
तीन जणी बरोब्बर रेषेवर.
शेजारच्या टेबलावरून सुहरानं विचारलं, किती झाली?
मला वाटलं वर्षं विचारतेय.
म्हटलं, दोनच. मग आणखी दोन.
मग हसू आलं. अकरा झाली गं.

सकाळी सुटल्यावर खजुरांच्या बागेतून गेले.
खमीस गुडघाभर पाण्यात उभा,
फलजच्या तोंडातला दगड आणि चिंधी काढून
पलीकडच्या वाफ्याला पाणी सोडत होता.
घड्याळ बघितलं नाही त्यानं. सावली बघितली.
मला आठवलं, प्रत्येक तारापेशीचा एक तरी पाय
कुठल्याशा रक्तवाहिनीवर टेकलेला असतो.
सांगणार होते. पण अरबीत "पेशी" काय म्हणतात,
इतक्या वर्षांत विचारलंच नाही कुणाला.

फलजच्या वीतभर कठड्यावरून चालले,
लहानपणी पाटाच्या कडेनं चालायचे तशी.
पाऊल मला न विचारता पडत होतं.
एकदा तोल गेला.
जवळच्या खजुराला धरलं, तळवा खरचटला.
बुंध्याशी पाच पिलं होती,
कुणी अजून न कापलेली.
मी मोजली. पाचच.